गायरानावरचं गाजर गवत, टणटणी अन् वेडी बाभूळ: पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

मराठवाड्यात गावाबाहेर कुठंही पडा, मग ते बालाघाटावरचं मुरमाड रान असू द्या नाहीतर परभणीकडची काळी, तीच मंडळी भेटतात. पांदणीला गाजर गवत, ओढ्यात बेशरम, टेकडीच्या अंगाला टणटणी आणि गायरानात वेडी बाभूळ. दर पावसाळ्यात कुठल्यातरी गावात पोरं श्रमदानाचा बोर्ड लावतात, एका रविवारी ट्रॅक्टरभर तण उपटतात, फोटो टाकतात, आणि पुढच्या आषाढात त्याच जागी दुप्पट गाजर गवत उभं असतं. मग लोक म्हणतात काही उपयोग नाही याचा.

उपयोग आहे, पण आपण हिशोब उलटा मांडतो. उपटणं हे पाव काम, बाकीचं पाऊण काम म्हणजे मोकळी झालेली जागा आपलं गवत-झाड भरून येईपर्यंत राखणं, आणि ते कुणी धरतच नाही. आमच्या ग्रुपनं बालाघाटाच्या पट्ट्यात काही वर्षं हे केलंय, त्यातून जे कळलं ते क्रमानं लिहितोय. नियम एकच आहे बघा: पुढचे तीन पावसाळे राखता येईल तेवढीच जागा मोकळी करायची, त्याहून हातभर जास्त नाही.

१. आधी ओळख पटवा, मग खुरपं उचला

हा टप्पा सगळे गाळतात, आणि मग उत्साहात शमी तोडून ठेवतात. पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा, गावातला एखादा जुना गुराखी नाहीतर म्हातारी बाई सोबत घेऊन रान फिरा. मोबाइलचं ॲप पण वापरा, पण गुराख्याचं ऐका.

गाजर गवत, म्हणजे काँग्रेस गवत, चटक चांदणी. पानं गाजरासारखी चिरलेली, शेंड्याला बारीक पांढरी फुलं. १९५५ च्या सुमारास पुण्यात ते पहिल्यांदा नजरेत आलं, अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं असं सांगतात. एक झाड दहा-पंधरा हजार बी सहज टाकतं, मोठं असलं तर त्याहून जास्त. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर येतं, हे लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं वेळापत्रक यावर आहे.

टणटणी किंवा घाणेरी सगळ्यांना माहीत असते. इंग्रजांच्या काळात बागेत शोभेला आणलेली. फळं काळी, बुलबुल आणि साळुंक्या खातात आणि ज्या झाडावर बसतात त्याच्या बुडाशी बी टाकतात, म्हणून टणटणीची नवी रोपं बहुतेक मोठ्या झाडांखाली सापडतात. चाऱ्याच्या तंगीत गुरांनी पाला खाल्ला तर लिव्हर खराब होतं आणि उन्हात कातडी सोलवटते.

वेडी बाभूळ. इथं घोटाळा जास्त होतो. गावरान बाभळीला गोल पिवळी फुलं आणि दाण्यादाण्याला चिमटलेली शेंग. हिवराचं खोड पांढरट, फुलं गोलच पण फिकट. वेड्या बाभळीला फुलाचा लांबट तुरा, शेंग सरळ पिवळट आणि गोडसर, आणि एका बुडातून पाच-सहा खोडं. आता खैराला पण लांबट तुरे येतात आणि शमीला पण, पण खैराचे काटे जोडीनं आणि आकड्यासारखे वाकलेले, आणि शमीचे काटे आखूड, खोड एकच, शेंग बारीक लोंबती. शंका आली तर फीत बांधा आणि सोडून द्या, शेंग लागल्यावर बघा. एक वेडी बाभूळ वर्षभर राहिल्यानं काही बिघडत नाही, शमी तोडली तर दसऱ्याला गाव बोलेल.

सुबाभूळ: काटे नाहीत, पांढरे गोंडे, चपट्या शेंगांचे घोस. ही तर आपणच सरकारी योजनांतून लावली. बेशरम: ओढ्यात, तळ्याच्या कडेला, जांभळट भोंग्यासारखी फुलं. रानतुळस: उग्र वास, निळसर बारीक फुलं, बी ओलं झालं की बुळबुळीत होऊन चिकटतं.

आणि एक सांगतो, बाहेरून आलं म्हणून सगळंच उपटायचं नसतं. सीताफळ मूळचं अमेरिकेकडचंच आहे, पण बालाघाटाच्या उतारावर ते सगळ्यांना जागा देऊन राहतं आणि बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन पण मिळालंय. कुणी त्याला परकं म्हणून कोयता दाखवला तर बाया तुम्हालाच गावाबाहेर काढतील, आणि बरोबर करतील.

२. सगळ्यात वाईट जागा घेऊ नका, सगळ्यात चांगली घ्या

आपला स्वभाव असा की जिथं जास्त घाण तिथून सुरुवात. इथं उलटं करायचं. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या मॉसमन भागात जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी १९६० च्या दशकात हातानं तण काढून तिथलं मूळचं रान परत आणायची पद्धत बसवली. त्यांचं म्हणणं साधं होतं: जिथं मूळचं रान अजून धडधाकट आहे तिथून सुरू करा आणि खराब जागेकडं सरका, माती शक्य तितकी कमी उकरा, आणि मूळची झाडंझुडपं किती वेगानं परततात त्या वेगानंच पुढं जा. त्यांचं रान वेगळं, पाऊस वेगळा, आपल्यासारख्या शेळ्या नाहीत, पण हे तिन्ही मुद्दे आपल्या माळाला जसेच्या तसे लागू पडतात.

म्हणजे करायचं काय, तर गायरानाचा असा कोपरा शोधा जिथं पवन्या, शेडा, मारवेल, कुसळी यातलं काहीतरी गवत अजून टिकून आहे, मध्ये बोर, हिवर, तरवड, हेकळ उभे आहेत, आणि गाजर गवत नुकतं घुसायला लागलंय. अशी जागा वर्षाभरात सुधारते, लोकांना फरक दिसतो, दुसऱ्या वर्षी माणसं आपोआप येतात. पहिल्या वर्षी अर्धा एकर लई झालं. खरंच. पाच एकराची बढाई मारू नका.

३. जमीन कुणाची ते कागदावर बघा

तोंडी "ते आपलंच गायरान आहे" यावर जाऊ नका. गट नंबर काढा, महाभूलेख या सरकारी वेबसाइटवर सातबारा बघा, गाव नकाशा बघा. गायरान असेल तर ग्रामपंचायतीशी बोलायचं. टेकडी बऱ्याचदा वनखात्याची निघते, मग वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय तिथं खुरपं पण लावू नका. नायगाव मयूर, येडशी रामलिंग घाट, गौताळा अशा अभयारण्यांच्या हद्दीला लागून काम असेल तर जास्तच जपून. ओढा, पाझर तलाव यांची खाती वेगळी, ते तलाठ्याला विचारा.

आता नाजूक गोष्ट. मराठवाड्यात भूमिहीनांनी गायरान कसण्याचा इतिहास जुना आहे, दादासाहेब गायकवाडांच्या सत्याग्रहापासूनचा, आणि कित्येक कुटुंबांचे हक्क अजून कागदावर अडकलेत. त्यामुळं गावातली पंधरा-वीस पोरं, त्यातून एकाच आळीची, कोयते घेऊन गायरानात उतरली की त्या कुटुंबांना पहिली शंका येते की हे आपल्याला उठवायला आले. ती शंका खोटी आहे असं समजू नका, काही गावात "वृक्षारोपण" हे नाव घेऊन तसं झालेलंय. म्हणून कसत असलेल्या तुकड्यापासून लांबची जागा निवडा, आधी त्यांच्या दारात जाऊन बोला, आणि कमिटीत त्यांच्यातलं माणूस घ्या. हे केलं नाही तर काम तणानं नाही, भांडणानं बंद पडतं.

ग्रामसभेचा ठराव घ्याच. बहुतेक गावात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांना सभा लागते. आपल्याला १ मेची सोयीची, कारण जूनमध्ये काम सुरू होतं आणि तोवर ऊसतोडीला गेलेली माणसं परत आलेली असतात. गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातलं कमी असेल ते. ठरावात नुसतं "स्वच्छता मोहीम" असं मोघम लिहू देऊ नका. गट नंबर, किती जागा, कोणती झाडं काढायची, लाकूड कुणाला, गवत कोण कापणार, चराईबंदी किती वर्षं, आणि एक गोष्ट जी कुणीच लिहीत नाही: दुष्काळ पडला तर काय. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तसं वर्ष आलं तर तुमची चराईबंदी कुणी पाळणार नाही आणि पाळावी असं म्हणायचं धाडसही तुम्हाला होणार नाही. त्यापेक्षा आधीच लिहा की दुष्काळ जाहीर झाला तर अमुक भाग कापून न्यायला खुला, तमुक भाग बी-बियाण्यासाठी बंद.

लागणारे कागद:

- ग्रामसभा ठरावाची नक्कल, सही-शिक्क्यासह, दोन प्रती
- गटाचा सातबारा आणि गाव नकाशाची प्रत
- वनजमीन असेल तर वनखात्याचं पत्र
- जैवविविधता व्यवस्थापन समितीला दिलेलं माहितीचं पत्र (२००२ च्या जैविक विविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत ही समिती असते, बऱ्याच ठिकाणी कागदावरच असते, पण तिची लोकजैवविविधता नोंदवही मागून बघा, गवतांची गावठी नावं कधीकधी त्यात सापडतात)
- काम सुरू व्हायच्या आधीचे फोटो, तारखेसह
- सामाजिक वनीकरणाच्या नर्सरीला रोपांचा अर्ज, हा उन्हाळ्याच्या आधीच द्या

झाड तोडण्याबद्दल: "वेड्या बाभळीला परवानगी लागत नाही" असं छातीठोक सांगणारा माणूस प्रत्येक गावात असतो. खरं असेलही, पण तोडलेलं लाकूड गाडीत भरून गावाबाहेर नेताना अडवतात तेव्हा तो सोबत नसतो. वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून लेखी घ्या. नगरपालिका हद्दीत तर १९७५ चा नागरी झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, तिथं सुबाभूळ तोडायला पण अर्ज करावा लागतो.

४. त्या झुडपावर कुणाचं पोट आहे ते विचारा

आपल्याला तण दिसतं, दुसऱ्याला चूल दिसते. सिलिंडर घरात आहे पण भरायला पैसे नाहीत अशी घरं भरपूर, आणि त्या घरची सगळी सरपणाची मदार वेड्या बाभळीवर. कोळशाच्या भट्ट्या लावणारे आहेत. उन्हाळ्यात हिरवं काहीच नसताना शेळ्या तिच्या शेंगांवर जगतात. म्हणून सगळी बाभूळ एका दमात आडवी करू नका, पट्ट्या पाडा. एक पट्टी काढली की तिचं लाकूड तोडून, रचून, मोळी आणणाऱ्या बायांना सांगून द्या, विकायचं असेल तर दर त्यांच्यासमोर ठरवा. गावाजवळची एक पट्टी सरपणाला म्हणून मुद्दाम राहू द्या. शुद्धतेच्या नादात ती पण काढली तर बाया काय करतील, बोर आणि हिवर तोडतील, दुसरं काय.

बैठक बायांची वेगळी घ्या, चावडीवर नको. बचत गटाच्या मीटिंगमध्येच दहा मिनिटं मागून घ्या.

५. सामान

खुरपी, कुदळ, टिकाव, पहार, कोयता, हातकरवत, पोती, जुनी ताडपत्री, रंगीत फिती, पाण्याचा जार. हातमोजे, पूर्ण बाह्यांचे शर्ट आणि नाकाला रुमाल हे ऐच्छिक नाही. गाजर गवतानं अंगाला खाज, फोड आणि काहींना दमा सुरू होतो, आणि एकदा ॲलर्जी बसली की ती सुटत नाही. आज काही झालं नाही म्हणून उद्या होणार नाही असं नसतं. ज्यांना आधीच त्रास आहे त्यांना नोंदवहीचं काम द्या.

बूट घाला, चप्पल नाही. टणटणीच्या बुडात घोणस, फुरसं असतं. आधी काठीनं हलवायचं आणि मग हात. जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात सापाची लस आहे ते कामाच्या आधी फोन करून विचारून ठेवा, १०८ सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असू द्या.

६. कधी करायचं

पुस्तकात लिहितात "फुलोऱ्यापूर्वी उपटा". बरोबर आहे, पण आपल्याकडं गाजर गवत फुलोऱ्याआधी असतं तेव्हा, म्हणजे आषाढात, सगळं गाव सोयाबीन आणि कपाशीच्या खुरपणीत असतं आणि एक माणूस मिळत नाही. आणि माणसं मोकळी होतात दिवाळीनंतर, तेव्हा अर्धं गाव मुकादमाच्या टोळीबरोबर कारखान्याला गेलेलं आणि गवताचं बी पडून मोकळं. मोहिमा फसण्याचं माझ्या मते हे सगळ्यात मोठं कारण आहे, आळस वगैरे नाही.

यावर उपाय म्हणजे वापसा नसलेले दिवस, म्हणजे रान इतकं ओलं की शेतात काम करता येत नाही असे. दोन दिवस झड लागली, शेतात पाय टाकता येत नाही, खुरपणी बंद, मजूर घरी बसून. त्याच दिवशी माळावरची मुरमाड जमीन ओली असते, पण चिखल होत नाही, आणि गाजर गवत मुळासकट अलगद निघतं. आमचा नियमच हा, तारीख ठरवायची नाही, वापसा मोडला की ग्रुपवर मेसेज आणि दोन-अडीच तास काम. मजुरी द्यायची असेल तर याच दिवशी द्या, त्यांनाही बुडालेला रोज भरून मिळतो. रोजगार हमीत काय बसतं ते ग्रामपंचायतीत विचारून घ्या, पण त्या मंजुरीसाठी पाऊस थांबत नसतो.

बाकी वर्ष साधारण असं:

माघ-फाल्गुन: वेड्या बाभळीची वरची तोड, शेंगा पिकायच्या आत. याच महिन्यात माळ पेटवायची सवय पण असते, म्हणून तुकड्याभोवती जाळरेषा काढा, म्हणजे आग आत येऊ नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा.
चैत्र-वैशाख: ओढा कोरडा असताना बेशरम. ग्रामसभा.
मृगाच्या पावसानंतर तीन-चार आठवड्यांनी: गाजर गवताची पहिली फेरी.
१६ ते २२ ऑगस्ट: गाजर गवत जागरूकता सप्ताह, देशभर असतो. कृषी विज्ञान केंद्र, कॉलेजच्या एनएसएसची पोरं याच आठवड्यात मिळतात, त्यांना दुसऱ्या फेरीला घ्या. पहिली फेरी मात्र या सप्ताहाची वाट बघत ठेवू नका, तोवर पहिलं पीक फुललेलं असतं.
भाद्रपद: टणटणी आणि रानतुळस. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी, झेंडा झाला की सगळी माणसं गावातच असतात.
आश्विन-कार्तिक: गवताचं बी गोळा करणं.

७. कसं काढायचं

गाजर गवत: बुडाशी धरून मुळासकट. विळ्यानं कापलं की बुडातून परत फुटतं आणि बुटकं राहून लवकर फुलतं, म्हणून कापणी यंत्र फिरवून समाधान मानू नका. रस्त्याकडंला, पडक्या जागेत, जिथं तुमचे हात पुरणार नाहीत तिथं मेक्सिकन भुंगा सोडता येतो. हा १९८० च्या दशकात मुद्दाम भारतात आणलेला कीटक, पावसाळ्यात पानं खाऊन झाडाची चाळण करतो आणि थंडीत जमिनीत जाऊन बसतो. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ किंवा तुमच्या जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र इथं चौकशी करा. तो सगळं गवत संपवत नाही, जोर कमी करतो. भुंगा सोडला तिथं फवारणी करू नका, एवढं साधं पण लोक विसरतात.

मिठाचं पाणी, १५-२० टक्क्याचं, मारतात काही जण. डांबरी रस्त्याच्या कडेला ठीक, पण जिथं गवत परत आणायचंय त्या मातीत मीठ घालू नका. तणनाशकाबद्दल माझं मत स्पष्ट आहे, गायरानात नको. तिथं शेळ्या चरतात, खालच्या अंगाला विहिरी आहेत, आणि फवारा आपल्या गवताला ओळखत नाही.

टणटणी: ओढून काढायची नाही, माती उखडते. मुख्य मूळ जमिनीच्या खाली दोन-तीन बोटांवर, म्हणजे तीन ते पाच सेंटिमीटरवर, कुदळीनं तोडायचं. फुटवा खोड आणि मूळ जुळतं तिथल्या गड्ड्यातून येतो, तो वर निघाला की खालचं मूळ परत फुटत नाही. काढलेलं झुडूप मुळं वर करून उलटं ठेवायचं, म्हणजे ओल्या मातीत परत धरत नाही. पुढच्या पावसाळ्यात मोठ्या झाडांखाली फिरून बारकी रोपं हातानं उपटायची.

वेडी बाभूळ: जमिनीलगत तोडली तर तुम्ही तिची छाटणी केली, बास, पुढच्या वर्षी एकाच्या दहा फांद्या. बुडाभोवती उकरून साधारण फूटभर खालून मूळ तोडावं लागतं. वरची तोड माघ-फाल्गुनात, बुडका पहिल्या दोन पावसानंतर मुरूम मऊ झाल्यावर. मेहनतीचं आहे, एका माणसाचे दिवसाला मोजकेच बुडके निघतात, म्हणून तर पट्ट्या पाडा म्हणालो.

इथं सगळ्यांना जेसीबी सुचतो. एका दिवसात सगळं सपाट. पण जेसीबीनं माती उलथली की वर्षानुवर्षं खाली पडलेलं बी वर येतं आणि पहिल्या पावसाला तो आख्खा पट्टा गाजर गवतानं भरतो, शिवाय जुन्या गवताची ठोंबं आणि पळस-बोरांची जिवंत मुळं पण निघून जातात. आणि एकदा जेसीबी माळावर चढला की मुरूम पण उपसून जायला लागतो, हे काय मी सांगायला पाहिजे का.

सुबाभूळ: बारकी रोपं ओल्यात उपटा, मोठ्याचा बुडका काढा, जमत नसेल तर शेंगा धरायच्या आत दरवर्षी फांद्या तोडून चारा करा, निदान बी थांबतं. बेशरम: प्रत्येक तुकडा मूळ धरतो, म्हणून तोडून ओढ्यात सोडायची नाही, उंच मुरमावर नेऊन कडक वाळवायची. रानतुळस सोपी आहे, फुलाआधी उपटली की झालं.

८. काढलेल्या मालाचं काय

फूल नसलेलं गाजर गवत खड्ड्यात शेण-मातीबरोबर कुजवा, खत चांगलं होतं. फूल आलेलं असेल तर खतात टाकू नका, ते खत शेतात गेलं की तण तुमच्याच बांधावर. ते पोत्यात भरून एकाच जागी वाळवून नष्ट करा. उघड्या ट्रॉलीत भरून गावातून मिरवायचं नाही, वाटेनं पेरणी होते. टणटणीच्या काठ्या आणि वेड्या बाभळीच्या काटेरी फांद्या कुंपणाला वापरा, पण शेंगा झाडून.

९. आपलं रान परत आणणं

पहिल्या वर्षी काहीही लावू नका असं मी सांगतो तेव्हा लोक नाराज होतात, कारण झाड लावण्याचा फोटो येतो, वाट बघण्याचा येत नाही. पण माळाखाली मुळं जिवंत असतात. पळस, बोर, आपटा वर्षानुवर्षं शेळ्या-कुऱ्हाडीनं खुरटून बसलेले असतात, नुसतं राखलं तर त्यांना धुमारे फुटतात, त्यातला एक सरळ धुमारा ठेवून बाकी छाटा. कुठं काय फुटतंय ते फितीनं खूण करा.

दुसरं, माळ म्हणजे उजाड जमीन नाही. तिथं गवतच पाहिजे. चंडोल, तितर, लावरी, काळवीट हे गवतावरचे जीव आहेत, तिथं दाट झाडी लावली तर त्यांनाच बेघर केलं. झाडं ओढ्याकाठी, बांधाच्या कडेला, खोल मातीत लावा: करंज, अर्जुन, उंबर, चिंच, जांभूळ. मुरमाड उतारावर विरळ हिवर, खैर, बोर, हिंगणबेट, पळस, अंजन. उरलेलं सगळं गवताला.

गवताचं बी कार्तिकात गावातल्याच बांधावरून, देवराईतून, जुन्या पडीकातून ओरबाडून घ्या, कोरड्या पोत्यात ठेवा, आणि जूनमध्ये शेण-मातीत कालवून मोकळ्या जागी टाका. ताज्या बियाला सुप्तावस्था असते, म्हणून लगेच टाकून उगवलं नाही तर घाबरू नका. मारवेलची ठोंबं लावली तर जास्त खात्रीनं धरतात. कुसळी पेरताना धनगरांना विचारा, तिची कुसळं मेंढ्यांच्या लोकरीत आणि कातडीत घुसतात, त्यांना ती नको असते आणि त्यांचं बरोबर आहे. गाजर गवत परत परत येतं त्या कडेला तरोटा टाका, तो पावसाळ्यात दाट होऊन त्याला दाबतो आणि कोवळा असताना भाजी पण होते.

बिया थेट टोकायच्या असतील तर बाभूळ आणि खैराचं बी उकळून उतरवलेल्या पाण्यात टाकून रात्रभर भिजवा. शेळ्यांच्या वाड्यातलं बाभळीचं बी तसंच चांगलं उगवतं. निंबोळी साठवू नका, काही आठवड्यांतच मरते, पडली की टाका.

नर्सरीतून रोपं आणताना यादी हातात ठेवा. "जे असेल ते द्या" म्हणालात की गुलमोहर, काशिद, गिरिपुष्प आणि कधीकधी चक्क सुबाभूळ ट्रॉलीत बसून येते.

१०. चराई

तण काढून जागा मोकळी ठेवली आणि त्यात शेळ्या सुटल्या तर शेळी गोड गवत खाते, गाजर गवत सोडते, आणि आपण तिच्यासाठी निवडून ठेवल्यासारखं होतं. त्यामुळं चराईबंदी लागते. पण बंदी म्हणजे कुलूप नाही. ज्यांची जनावरं अडली त्यांनाच दिवाळीच्या सुमारास गवत कापून न्यायचा पहिला हक्क द्या, बी पडल्यावर. लिलाव केला तर पैसेवाला नेतो आणि शेळीवाला कुंपण मोडतो.

उन्हाळ्यात शेंगा खाल्लेला कळप साफ केलेल्या तुकड्यात बसवू नका, लेंड्यांतून वेड्या बाभळीचं बी तयार होऊनच पडतं. दरवर्षी त्याच वाटेनं येणाऱ्या मेंढपाळांना निरोप आधी पोचवा, आणि त्यांना जायला एक वाट सोडा.

राखणदार गावातलाच, शक्यतो ज्याच्या स्वतःच्या शेळ्या आहेत असा ठेवा. महिन्याच्या महिन्याला पैसे द्या. वर्गणी आटते ती इथंच, रोपाला पैसे देणारे शंभर, राखणदाराला देणारा एक.

११. नोंद आणि पुढचा तुकडा

तुकड्याच्या चार कोपऱ्यांना दगड रोवा, दर पावसाळ्यात आणि दर उन्हाळ्यात त्याच दगडावर उभं राहून त्याच दिशेचा फोटो काढा. वहीत तीनच गोष्टी: तारीख, किती माणसं, किती पोती तण निघालं. पोत्यांचा आकडा पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षी वाढला तर बिचकू नका, जमिनीतलं जुनं बी बाहेर येतंय. तिसऱ्या वर्षी पण वाढला तर मात्र कुठून तरी नवीन बी येतंय, वरच्या अंगाचा ओढा आणि रस्त्याची कड तपासा, बहुतेक तिथंच सापडतं.

शेजारच्या पट्टीला हात कधी घालायचा, तर पहिल्या तुकड्यातली श्रावणातली फेरी दोन माणसांत एका सकाळी उरकायला लागली की. तोवर कुणी निधी घेऊन आलं आणि सगळं गायरान एका महिन्यात साफ करून देतो म्हणालं तरी नको म्हणा, आणि तोच निधी राखणदाराच्या पगाराला लावता येईल का ते विचारा.